मागून नेलेली घोडी

दवाखान्यातून परतताना क्रांती चौकात सिग्नल लागला, नातवानं स्कूटर थांबवली आणि मान वळवून पुन्हा तेच सुरू केलं. "आजी, गाडीची किल्ली अशी कुणालाही देत जाऊ नकोस. आपली गाडी लोकांकडं आणि आपण लोकांच्या गाडीवर. काही अर्थ आहे का याला?" खरं होतं त्याचं. आमची स्कूटर सकाळीच शेजारच्या पोरीनं परीक्षेला नेली होती आणि मला डोळ्यांच्या दवाखान्यात न्यायला त्यानं समोरच्या घरातली मागून आणली होती. मी म्हटलं, "अर्थ आहे. तू पुढं बघ." चहूबाजूंनी रिक्षा गुरगुरत होत्या, धूर नाकात जात होता आणि त्या धुरातून मला घोड्याच्या घामाचा वास आला. कुणी हसलं तर हसू दे. आला म्हणजे आला.

तेव्हा इथं चौक नव्हता. लोक या जागेला काळा चबुतरा म्हणायचे. पैठण दरवाज्यातून बाहेर पडलं की शहर मागं राहायचं आणि पुढं नुसता माळ, वाळलेलं गवत, मधूनच एखादी बाभळ आणि चाकोऱ्या पडलेली धुळीची वाट. राज्य निजामाचं होतं. या माळावर भर उन्हात मी एका साहेबाला एक उत्तर दिलं होतं. तोवर जे मी रोज ओरडून सांगायची, त्याच्या नेमकं उलटं. त्या उत्तराचा मला आजही अभिमान वाटतो, आणि तो मी लपवणार नाही.

माझे वडील वैद्य होते. आमचं घर पैठण दरवाज्याच्या आत, विणकरांच्या गल्लीच्या तोंडाशी होतं. दिवसभर मागांची खटखट चालायची. ती थांबली की कानाला चुकल्यासारखं व्हायचं. वडिलांची घोडी तांबडी होती, मागचा डावा पाय तेवढा पांढरा. डोळ्यांच्या कडा काळ्याभोर, जन्मतःच सुरमा घातल्यासारख्या, म्हणून तिचं नाव सुरमी. एका दिशेला शेंद्रा, दुसरीकडं चितेगाव, अशी वडिलांची फिरती असायची. खोगिराला दोन्ही बाजूंनी औषधाच्या पिशव्या लटकायच्या. सुंठ, हिरडा, ओवा, आणि त्यात मिसळलेला चामड्याचा नि घामाचा वास. माझ्यासाठी वडील म्हणजे तो वास. परत आले की ते गल्लीच्या कोपऱ्यावरच्या लिंबाखाली उतरायचे, मला उचलून खोगिरावर बसवायचे आणि लगाम धरून स्वतः पायी चालायचे. लिंबापासून दारापर्यंतचा तो रस्ता माझा होता. तापलेली घोडी दारात आणायची नाही, तिला आधी चालवून निववायचं, हा त्यांचा नेम होता, आणि त्या नेमाचा सगळा फायदा मला मिळायचा.

ते गेले त्या वर्षाचं मला फारसं काही आठवत नाही. सुरमी खुंट्यापाशी उभी राहून दाराकडं बघायची, तेवढं आठवतं. मला खोगिरावर बसवणारं कुणी उरलं नाही.

घोडी विकून टाका, असं सगळेच म्हणाले. सगळ्यांच्या आधी काका म्हणाला. काका म्हणजे वडिलांचा धाकटा भाऊ. तहसील कचेरीत अहलकार होता, म्हणजे कारकून. आमच्याच घराच्या पुढच्या दोन खोल्यांत राहायचा. फार जपून चालणारा माणूस; हिवाळ्यातसुद्धा छत्री घेऊन निघायचा. साहेबाचा आवाज चढला की याचा घसा आपोआप बसायचा. तो आईला म्हणाला, "वहिनी, बाईमाणसाच्या दारात घोडं शोभत नाही."

आई तेव्हा हरभरे भिजत घालत होती. मान वर न करता म्हणाली, "दारात उभं राहिलं तर शोभणार नाही, भावजी. फिरतं ठेवते."

आणि तिनं फिरतं ठेवलं. ज्याला नड असेल त्यानं यावं, सुरमीला न्यावं. मोबदला नाही, उपकार नाही. जो नेईल त्यानं तिला वैरण घालायची, चाबूक उगारायचा नाही आणि परत आणताना लिंबापाशी उतरून पायी दारापर्यंत यायचं. बस, एवढंच. आई हे सगळं उंबऱ्याच्या आत उभी राहून सांगायची, आणि ऐकणारा कितीही मोठा असला तरी मान हलवायचा.

लोकांना आधी संकोच वाटला, मग सवय झाली. नवरदेव नेऊ लागले. चितेगावचा मारुतीअण्णा, वडिलांचा जुना रोगी, बियाणं न्यायला आला की नेऊ लागला. विणकरांपैकी कुणाला आजारी बहिणीला बघायला लांब जायचं असेल तर तो. आणि सगळ्यांत जास्त रजियाबी. ती आमच्या भागातली सुईण, हिंदूंची आणि मुसलमानांचीही. अंगानं भरदार, तोंडात कायम पान. आमच्या ओट्यावरून ती सुरमीवर चढायची तेव्हा दोन बायका खालून आधार द्यायच्या आणि सुरमी चारी पाय रोवून गप्प उभी राहायची. बुरख्याचा पडदा मागं टाकून, मांडीवर पोटली घेऊन, "चल गे माँ," म्हणत रजियाबी निघाली की गल्ली हसायची. पण कुणाच्या घरात कळा सुरू झाल्या की त्याच गल्लीचे कान सुरमीच्या टापांकडं लागायचे.

मला हे मुळीच आवडायचं नाही. घोडी माझी होती. माझ्या वडिलांची, म्हणून माझी. ती परत आली की मी तिच्या मानेला नाक लावून बघायची, आज हिच्यावर कोण बसलं ते. नवरदेव बसला असेल तर हळद नि अत्तर. विणकर असेल तर सुताला लावायच्या खळीचा आंबूस वास. मारुतीअण्णा असेल तर तंबाखू आणि ओली माती. रजियाबीचा वास सगळ्यांत जबर, कात, ओवा आणि बाळंतिणीच्या शेगडीचा धूर. वडिलांचा वास मात्र दिवसेंदिवस त्या सगळ्याखाली दबत चालला होता. मी खरारा घेऊन तिचं अंग खसाखसा घासायची, लोकांचे वास काढून टाकायला. जो न्यायला येईल त्याच्यापुढं उभी राहून ओरडायची, "माझी आहे ती!" लोक हसायचे. रजियाबी माझा गाल ओढायची. "हौ बेटी, तेरीच है. मेरेकू क्या घर में बांधनी है?"

मी आईला म्हणायची, सगळे बसतात, मग मला का नाही बसवत? काका लगेच म्हणायचा, "पोरीनं घोड्यावर बसायचं नसतं." रजियाबी कोण होती मग, हे काकाला विचारायची माझी फार इच्छा होती.

आमच्या भागात नवा गिर्दावर आला. गावोगावचा सारा-पीक बघणारा हा अधिकारी, काकाचा थेट साहेब. एकदा त्याचा घोडा लंगडला आणि काकानं आमची घोडी सुचवली. आईनं दिली. नड आहे म्हटल्यावर ती कुणालाच नाही म्हणायची नाही. नेम तेवढे सांगितले.

संध्याकाळी टापा वाजल्या आणि मी लिंबाकडं धावले. साहेब लिंबापाशी उतरला नाही. दौडत आला, थेट आमच्या दारात. सुरमीच्या तोंडाला फेस होता आणि कुशीवर त्याच्या टाचेच्या काट्यांनी ओरखडे उठले होते, त्यातून रक्त आलं होतं. काका छत्री सावरत पुढं झाला. तेवढ्यात आई उंबरा ओलांडून बाहेर आली. नवरा गेल्यापासून ती परक्या पुरुषासमोर उंबऱ्याबाहेर कधी आली नव्हती.

"उतरा," आई म्हणाली. "लिंबापाशी न्या आणि तिथून पायी आणा."

साहेब हसला. काकाला म्हणाला, "क्या बोलती है?" काकाचा घसा बसला होता. माग थांबले. गल्लीत एवढी शांतता मी त्याआधी ऐकली नव्हती. आई तिथंच उभी राहिली, दार अडवून. घोडी आत घेईना. शेवटी साहेब उतरला, तिथल्या तिथं, आणि लगाम आईच्या पायांशी टाकून चालता झाला. आईनं लगाम उचलला, सुरमीला स्वतः लिंबापर्यंत नेलं आणि तिथून पायी चालवत परत आणलं. रात्री हळद गरम करून ओरखड्यांवर लावली. त्या वासात मी झोपले.

मग साहेबाचा चपराशी आला. म्हणे घोडी सरकारी कामाला लागणार, उद्या नेऊ. याला वेठ म्हणत. वेठीला गेलेलं जनावर एक तर लंगडत परत यायचं, नाही तर यायचंच नाही. मी आईचा पदर धरून उभी होते. सुरमी गेली तर वडिलांचं घरात चालतं-बोलतं असं काही उरणार नाही, एवढं मला नीट कळत होतं.

आई म्हणाली, "घोडी घरी नाही. मागून नेलीय."

खोटं नव्हतं ते. रजियाबी घेऊन गेली होती. चपराशी दुसऱ्या दिवशी आला तेव्हा तिला विणकरानं नेलं होतं. त्याच्या पुढच्या वेळी मारुतीअण्णानं. हे कुणी बसून ठरवलं नाही. आईनं रजियाबीला एवढंच सांगितलं, की घोडी आता खुंट्याला येऊ द्यायची नाही. बाकीचं गल्लीनं ऐकलं. एकाच्या अंगणातून दुसऱ्याच्या, शहरातून चितेगावला, तिथून परत. ज्याला काहीच नड नव्हती तोही नड काढू लागला. आणि साहेबानं वाटेत कुणाला अडवून विचारलं की ही घोडी कुणाची, तर जो बसलेला असेल तो सरळ म्हणायचा, माझी. "मेरी है, साब." "माझीच हाय की." हुकूम आईच्या घोडीचा होता; दुसऱ्या कुणी आपली म्हटली की साहेबाचा हात अडायचा. साहेबाला कळत होतं की हे सगळे त्याच्या तोंडावर खोटं बोलताहेत. त्यांनाही कळत होतं की त्याला कळतंय.

आमचा खुंटा रिकामा राहायचा. तिचा दाण्याचा तोबरा भिंतीला लटकलेला. सकाळी लीद काढायला कुणी उठायचं नाही. मी त्या मोकळ्या जागेत जाऊन बसायची, जमिनीला नाक लावून बघायची. जी लोकांना दिल्याचा मला एवढा राग यायचा, ती आता लोकांनी आपली म्हटली म्हणूनच वाचत होती. ते मला पटत नव्हतं, पण दिसत होतं.

रजियाबीनं मधल्या काळात एक युक्ती केली. पांढऱ्या पायामुळं सुरमी ओळखू येते, म्हणून तिनं आपल्या अंगणात त्या पायाला रात्रभर मेंदी थापून ठेवली. तांबड्यात तांबडं मिसळून जाईल, असा हिशेब. मिसळलं कुठलं! सकाळी पाय असा भडक नारिंगी निघाला की आधी लांबून ओळखू यायचा तो आता कोसावरून दिसू लागला. त्यात सुरमीला वाटलं वरात आहे. मेंदीचा वास नाकात गेला की ती वाजंत्र्यापुढं चालल्यासारखी मान ताठ करून ठुमकत चालायची. आई कपाळाला हात लावून इतकी हसली, की वडील गेल्यानंतर तिला तशी हसताना मी पहिल्यांदाच पाहिली. रजियाबी फणकारली, "हसो मत. हिना अच्छी थी. घोड़ी का पाँव खराब है."

आता शहरात ठेवून चालणार नव्हतं. तिला चितेगावला मारुतीअण्णाकडं पोचवायला हवं होतं. पण साहेबानं दरवाज्यावर सांगून ठेवलं होतं, तांबड्या घोडीवर कुणीही गडी दिसला की अडवा. त्यामुळं विणकरांपैकी कुणाला नेता येईना. रजियाबी एका अडलेल्या बाळंतिणीपाशी होती. दुपार झाली. आई मला रजियाबीच्या अंगणात घेऊन गेली, सुरमीवर खोगीर चढवलं आणि मला काखेत धरून वर बसवलं.

"गड्यांना अडवायला सांगितलंय. पोरीबद्दल कुणी काही बोललं नाही," ती म्हणाली. "माळ ओलांड. पुढच्या बाभळीपाशी मारुतीअण्णा थांबलाय. लगाम ढिला सोड, तिला वाट ठावी आहे."

रिकिबीत माझे पाय पोचत नव्हते. मी आयाळ धरली. दरवाज्यातल्या शिपायानं माझ्याकडं बघितलं, नारिंगी पायाकडं बघितलं आणि तोंड फिरवून हसला. मी बाहेर पडले. ऊन, माळ, वाळल्या गवताचा भाजल्यासारखा वास, माझ्याखाली तिची हलती पाठ. एवढा आनंद मला झाला होता की भीती कुठल्या कुठं गेली. वाटलं, आता ओरडून सगळ्या जगाला सांगावं, माझी आहे ही.

आणि इथं, याच जागी, समोरून टांगा आला. टांग्यात साहेब. शेजारी मांडीवर दप्तर घेऊन काका.

टांगा आडवा उभा राहिला. साहेबानं पाय बघितला, खोगीर बघितलं, मला बघितलं. "किसकी है ये घोड़ी?"

ओठांवर एकच शब्द होता. इतकी वर्षं तोच म्हणत आले होते. पण माझी म्हणणं म्हणजे आईची म्हणणं, आणि आईची म्हटली की लगाम त्याच्या हातात जाणार. मी त्याच्या डोळ्यांत बघितलं.

"माझी नाही," मी म्हणाले. "मागून आणलीय."

"किससे?"

नाव कुणाचं घ्यावं? ज्याचं घेईन तो मरणार. मी आईचे शब्द उचलले. "घोडी हवी असेल तर उतरा. पायी या."

साहेबाचा चेहरा लाल झाला. उतरला मात्र नाही. पोरीच्या सांगण्यावरून भर माळावर धुळीत पाय ठेवायचा त्याला कमीपणा वाटला. त्यानं काकाला कोपरानं ढोसलं. "जाओ. लगाम पकड़ के लाओ."

काकानं दप्तर शेजारी ठेवलं. छत्री घेतली. हळूहळू उतरला, माझ्यापाशी आला आणि लगाम धरला. मला वाटलं, संपलं. काका मागं वळून म्हणाला, आणि त्याचा घसा बसलेला नव्हता, "मेरी है, साहब. मैंने दी है बच्ची को."

मग त्यानं टांग्याकडं पाठ केली आणि सुरमीला घेऊन चितेगावच्या वाटेनं चालू लागला. मागून साहेब काहीतरी ओरडत होता. टांगेवाल्यानं साहेबाला न विचारताच घोड्याला टिचकारलं आणि चाकं शहराच्या दिशेनं वाजू लागली. बऱ्याच अंतरानं त्यानं छत्री उघडली आणि हात उंच करून माझ्या डोक्यावर धरली. बाभळीपर्यंत तो तसाच उन्हातून पायी चालला.

काका पुन्हा कचेरीत गेला नाही. दप्तर टांग्यातच राहिलं, ते आणायलाही नाही. लोक म्हणाले, घोडी लोकांना देत बसलात, त्यात घरातली नोकरी गेली. आई म्हणाली, "गेली तर गेली." काका त्यावर फक्त हसला आणि दुसऱ्या दिवसापासून विणकरांच्या पोरांना लिहायला शिकवू लागला. साहेब आधी बदलून गेला की राज्यच आधी बदललं, ते मला आठवत नाही. सुरमी परत खुंट्याला आली एवढं आठवतं. मानेला नाक लावलं तर सगळ्यांचे वास एकात एक मिसळलेले. खरारा हातात होता. मी तो खाली ठेवला.

तर देऊ नका म्हणणाऱ्यांना मी ऐकून घेते आणि देते. सांभाळून ठेवलेलं कुणीही येऊन एका दमात नेतं. वाटलेलं न्यायला सगळ्या गावाच्या दारात जावं लागतं, आणि तिथं उतरून, पायी. हे मी शिकले ते इथं, या सिग्नलच्या खांबापाशी, आणि कुणीही मला वेडी म्हणू दे, मी ते विसरणार नाही.

सिग्नल सुटला. मागच्यांनी भोंगे वाजवले. नातू घरापर्यंत पुटपुटतच होता. आमच्या कोपऱ्यावर आता लिंब नाही, विजेचा खांब आहे. तिथं मी त्याच्या पाठीवर थाप मारली.

"थांब इथं. उतर."

"अगं आजी, समोर तर घर आहे त्यांचं."

"म्हणूनच. मागून आणलीय ना? उतर, आणि पायी ने."

त्यानं माझ्याकडं बघितलं, मान हलवली आणि उतरला. मीही उतरायला लागले तर मला हातानं थांबवून म्हणाला, "तू बस." हँडल धरून तो स्कूटर ढकलत निघाला, आणि मी वर बसून राहिले, दारापर्यंत.